नऊ जण लागतात

सकाळी नऊला मी फक्की मारते.
चुना संपत आला की चुलीतली राख मिसळते,
रेघ करडी पडते,
पण पडते.
एक खांब शाबूत आहे. दुसरा वाळवीनं खाल्ला,
तिथं निंगाप्पाच्या मोडक्या बैलगाडीची दांडी पुरली आहे,
ती हलते.

आमच्या पटावर अकरा.
आठ बसणार, एक धरणार,
पळायला उरतात दोन,
आणि पळायला लागतात तीन.
तिसरी मी,
अतिथी शिक्षिका, वय अडतीस,
पदर खोचलेला, पगार जूनपासून ‘येतोय’.

गुडघाभर भिंतीपलीकडं कन्नड शाळा, पट चौदा.
त्यांच्याकडं पी. टी.चं पदच नाही.
एका शनिवारी शिवलीला टीचर भिंतीला टेकून म्हणाली,
नम्म हुडुगरनू आडसरी.
आमच्या पोरांनापण खेळवा की.
मी म्हटलं, पाठवा की.
झालं.
एवढंच बोलणं झालं त्यावर.

कवायतीला आकडे आठच लागतात.
एक दोन तीन चार आमची पोरं ओरडतात,
ऐदु आरु एळु एंटु त्यांची.
पहिले दोन दिवस हसली.
तिसऱ्या दिवशी दम लागला, हसायचं राहिलं.

त्यांच्यातली सौंदर्या तळवार
पळते अशी, की धूळ तिच्या मागून येते.
पाठीत हात मारते नेमका, पंजा पुरा उघडून,
आणि खो म्हणत नाही.
मी शिट्टी फुंकते. फाऊल.
परत फाऊल.
अगं, म्हण की गे!
ती मातीकडं बघते,
जणू तो शब्द तिथंच कुठं पडला असेल.

शिवलीला सांगते, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.
बाप गोव्याला कामाला गेला, दीड वर्ष झालं.
आधी बोलायची का?
खूप, म्हणाली शिवलीला. डोकं उठवायची.

तालुक्याच्या स्पर्धेचा अर्ज आला.
शाळेचं नाव. माध्यम. एकाच चौकटीत खूण करावी.
मी क्लार्कला फोन केला.
दोन संघ पाठवा की बाई, तो म्हणाला,
एवढं काय त्यात.
बारा जणांचा संघ होतो साहेब,
आमचे अकरा, त्यात दोन पहिलीतले,
एकाचा हात काजूवरून पडून गळ्यात.
तो म्हणाला, मग राहू दे.
अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
मी पुढच्या आठवड्याची पाळी लिहून काढली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही आमच्याच मैदानावर.
सात मिनिटांचा डाव.
वेळ शांतव्वा धरणार, बिसियूटाच्या पातेल्यापाशी बसून,
संपली की पळी वाजवणार.
भाताला उकळी आलेली, सांबाराचा वास,
आणि मी पळतेय,
हलत्या दांडीला हात न लावता वळतेय,
पाचवी मिनिटं असेल,
अजून बाद नाही, गुडघे शिव्या देताहेत.

मागून कुणीतरी म्हणालं,
खो.

जाडसर आवाज,
गंजलेली कडी काढावी तसा.
कुणाचा हा?
मी थांबले. मान वळवून बघितलं.
खो-खोत असं बघायचं नसतं,
हे मीच रोज सांगते पोरांना.
पहिलीतला शट्टू उठला होता तेवढ्यात,
त्यानं माझ्या कमरेत असा हात हाणला
की शिट्टी तोंडातून उडाली.

बाई औट! टीचर औट!
पंचवीस पोरं नाचली.
पळी वाजलीच नाही,
शांतव्वा पातेलं सोडून उभी होती.
भात खाली लागला.
करपलेला खाल्ला सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी हजेरीला
सौंदर्यानं परत नुसता हात वर केला,
असं शिवलीला भिंतीवरून म्हणाली.
मी म्हटलं, बरं.
माझ्या हातात दगड होते,
दांडीच्या बुडाशी ठोकायचे.
ती भिंत ओलांडून आली
आणि दांडी सरळ धरून उभी राहिली.